कपाटातला बहुरूपी

सोनटक्के, पहिली गोष्ट आधी सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला लागायला नको: म्हातारी चालू आहे. आता टांगायला जीव उरलेला नाही हे मला कळतं, पण पंचवीस वर्षांची सवय आहे. गेटमधून आत आलात की 'राम राम' म्हणायच्या आधी तुम्ही विचारायचात, "चालू हाय ना?" तर, चालू आहे. तुम्ही गेल्यापासून एकही शिफ्ट कार्डावाचून अडलेली नाही.

तुम्हाला जाऊन दोन महिने होत आले. कंपनीत शोकसभा झाली. सगळे तुम्हाला मनमिळाऊ म्हणाले. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होते, हा कोण माणूस? तुम्ही मनमिळाऊ नव्हतात. तुम्ही हट्टी होता. चहा आवाज करून प्यायचात. चूक तुमची असली तरी समोरच्याला आधी तीन प्रश्न विचारायचात. मला बोलायला सांगितलं तेव्हा दोन वाक्यं बोलून मी खाली बसले. जे सांगायचं होतं त्यातलं निम्मं आपलं दोघांचं गुपित होतं, आणि ते तिथे फोडायची माझी तयारी नव्हती.

आता ते गुपित राहिलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. हे इतरही वाचतील, त्यामुळे तुम्हाला ठाऊक असलेलं काही पुन्हा सांगावं लागेल. मध्ये बोलू नका.

आपली कंपनी गिअर बनवते, ट्रॅक्टरचे आणि टेंपोचे. भट्टीत जाणाऱ्या प्रत्येक क्रेटबरोबर एक कार्ड जातं: माल कुठल्या पोलादाचा, भट्टी कुठली, तापमान किती, वेळ किती. कार्ड चुकलं तर गिअर ठिसूळ होतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुणाच्या तरी गाडीखाली तुटतो. ही कार्डं छापणारा कॉम्प्युटर म्हणजे म्हातारी. माणसाच्या उंचीचं करडं लोखंडी कपाट, पुढे लाल दिव्यांची ओळ, मागे जाळी. त्यातला प्रोग्रॅम तुम्ही लिहिलेला. मी क्वालिटीत नवी लागले तेव्हाच ती जुनी होती.

भोसरीची जागा सोडून आपण चाकणला आलो, तो दिवस माझ्या डोळ्यांसमोर आहे. टेंपोत गाद्या, गाद्यांच्या मध्ये ती उभी, आणि तिला मिठी मारून तुम्ही. मी मागून स्कूटरवर. मोशीच्या अलीकडे गतिरोधकावर टेंपो उडाला आणि तुम्ही ड्रायव्हरला जे सुनावलंत ते मला हेल्मेटमधून ऐकू आलं. "आरं, आत बाळंतीण बसलीय आसं समजून चालव की!" तो म्हणाला, "साहेब, मघाशी तर म्हातारी म्हणत होता." तुम्हाला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. परभणीहून आलेला हा माणूस हसतो, अशी मी मनात नोंद घेतली.

चाकणला तिला भट्टी विभागाच्या कडेला खोली मिळाली. मागची जाळी बाहेरच्या बोळात उघडायची आणि तिथून तिची गरम हवा बाहेर पडायची. भट्टीपाशी तेलाची वाफ असते, म्हणून तिथे डबे न्यायला बंदी. मग लोकांनी जाळीखालच्या फळीवर डबे ठेवायला सुरुवात केली. साडेबाराला डबा उचलला की भाकरी ऊन. काही वर्षांनी वरच्या मजल्यावर कॅन्टीन झालं, तिथे ओव्हन आला. तरी भट्टीची माणसं डबे म्हातारीपाशीच ठेवत राहिली. मी आणि तुम्ही वर जेवायचो. ती डब्यांची रांग आपण येता-जाता बघायचो, इतकंच.

मग तो गुरुवार. अकरा वर्षं झाली. कंपनीला आठवड्याची सुट्टी होती आणि मी मोजमापाची उपकरणं तपासायला आले होते. सकाळी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि दुसऱ्यांदा आली ती ताळ सोडून आली. जळका वास आला म्हणून मी तुमच्या खोलीकडे धावले. तुम्ही कपाटाला पाठ टेकून फरशीवर बसला होता.

"गेली," म्हणालात.

मला वाटलं घरचं कुणी. "कोण गेलं?"

"म्हातारी."

मी सांत्वन करायच्या भानगडीत पडले नाही. विचारलं, उद्या सकाळी सातला पहिली शिफ्ट आहे, कार्डं कशी निघणार? तुम्ही डोळे पुसलेत आणि म्हणालात, "तुम्ही विचारलं ते बरं झालं बाई. चिंचवडला घरी जाऊन येतो. दोन तास द्या." एरवी मी तुमच्यासाठी 'मॅडम' होते. 'बाई' व्हायचे ते तुम्ही रागावलात की, नाहीतर घाबरलात की.

दोन तासांनी तुम्ही बुटांच्या खोक्याएवढी एक पेटी घेऊन आलात. साधा कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स. दोन वर्षं घरी बसून तुम्ही म्हातारीच्या सगळ्या टेपा त्यात उतरवून घेतल्या होत्या, आणि कुणाला पत्ता नव्हता. मला म्हणे यात एक इम्युलेटर आहे. मी म्हटलं, मराठीत सांगा.

"बहुरूपी बघितलाव का कधी? पोलिसाचं सोंग घेऊन दारात येतो. टोपी तीच, काठी तीच, दम देणं तेच. समोरच्याला घाम फुटतो. हा तसा हाय. हा म्हातारीचं सोंग घेतो. तिचा प्रोग्रॅम आत चालतो आन् प्रोग्रॅमला वाटतं, आपण म्हातारीतच हाव."

"आणि लिनक्स?"

"ते घर. बहुरूप्याला राहायला घर नको का?"

हे मला समजलं, आणि त्यानंतर कुणी इतकं नीट समजावलेलं नाही.

संध्याकाळी पहिलं कार्ड छापून आलं. मी ते जुन्या कार्डाशेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहिलं. फरक नव्हता. मी म्हटलं, चला, उद्या सकाळी सगळ्यांना सांगू. आणि आपलं भांडण तिथे सुरू झालं. ते मिटलं नाही.

तुमचं म्हणणं असं, की आदल्या वर्षी हेड ऑफिसने नवं सॉफ्टवेअर आणून बघितलं होतं. दोन महिने चुकीची कार्डं निघाली आणि बोलणी भट्टीवरच्या माणसांनी खाल्ली. तेव्हापासून त्यांचा विश्वास फक्त म्हातारीवर. आता नवी पेटी आलीय म्हटलं तर प्रत्येक चुकीला तिच्याकडे बोट दाखवतील आणि हेड ऑफिसला निमित्त मिळेल. "महिनाभर जाऊ द्या. कार्ड बरोबर निघायलेत हे दिसलं की सांगू." आतलं जळकं सामान काढून पेटी तुम्ही कपाटाच्या पोटात ठेवलीत आणि दार लावलंत. दाराच्या दोन किल्ल्या. एक तुमची, एक माझी.

त्या महिन्याची अकरा वर्षं झाली.

आणि काय सोंग वठवलंत! पेटीला आवाज नव्हता, म्हणून त्याच रात्री कपाटात पंखा बसवलात, आणि पुढे जुन्या आवाजाशी जुळेपर्यंत तीन पंखे बदललेत. लाल दिवेही तेव्हाच वेगळ्या तारेवर घेतलेत, कार्ड छापताना ते पूर्वीसारखेच लुकलुकायचे. म्हातारी बटण दाबल्यावर चार सेकंद विचार करायची. पेटीला तेवढा वेळ लागत नव्हता, तर तुम्ही इम्युलेटरला मुद्दाम चार सेकंद थांबायला शिकवलंत. या चार सेकंदांवरून मी तुमच्याशी किती वेळा वाद घातला! चांगला धावणारा माणूस लंगडत चालवायचा, हा कुठला न्याय? तुम्ही म्हणायचात, "तो धावला की लोकांना कळंल." पंख्यावरूनही तेच. नुसत्या आवाजासाठी चोवीस तास वीज जाळायची. मी म्हणायचे बंद करा, तुम्ही ऐकू न आल्यासारखं करायचात.

ऑडिटवाले दर वर्षी मला विचारायचे, सिस्टीम तीच का? मी म्हणायचे, प्रोग्रॅम तोच. हे खरं होतं. पण घरी आकुर्डीला जाताना ते मला टोचत राहायचं. माझं सगळं काम दुसऱ्याचं खरं-खोटं तपासायचं. खंडेनवमीला लोक कपाटाला झेंडूची माळ घालायचे, दारावर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढायचे, वाकून नमस्कार करायचे, आणि आत बुटांचं खोकं. एकदा तुम्हीही हात जोडलेत. मी हळूच विचारलं, "कुणाला?" तुम्ही म्हणालात, "जी होती तिला. आन् जो हाय त्यालाबी."

"हे खोटं आहे, सोनटक्के."

"कार्ड खोटं निघतंय का?"

"माणसं कुणाच्या पाया पडतात, ते खोटं आहे."

मग तुम्ही मला बोळात न्यायचात आणि फळीवरचे डबे दाखवायचात. "हे बघा. वर ओव्हन हाय, तरी डबे इथंच. याला विश्वास म्हणतात बाई. तुम्हाला हा मोडायचाय का?" इतक्या वर्षांत तुमच्या बाजूचा हा एकच पुरावा मला खोडता आला नाही.

मला शिकवलंत मात्र सगळं. "मी नसलो तर?" असं कधी म्हणाला नाहीत. म्हणायचात, "मी रजेवर गेलो तर?" आणि रजा तुम्ही घेत नव्हतात. बंद करताना आधी आतल्या म्हातारीला झोपवायचं, मग बहुरूप्याचं सोंग उतरवायचं, मग घर बंद करायचं. क्रम चुकला की वाट लागते. मी कुठे आहे ते मला कळावं म्हणून लिनक्सच्या स्क्रीनवर तुम्ही 'घर' अशी अक्षरं उमटवून ठेवली होतीत. म्हातारीचा सगळा संसार तिथे एका फाइलमध्ये मावायचा. एकदा ती चालू असतानाच मी फाइलची नक्कल काढली आणि नक्कल बिघडलेली निघाली. तुम्ही ओरडला नाहीत, आणि ते जास्त लागलं. एवढंच म्हणालात, "धावत्या माणसाचं माप घेतलं तर सदरा बसंल का?"

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. तुम्ही दवाखान्यात होता आणि मला दोन दिवसांत घरी सोडणार म्हणून सांगत होता. मी तब्येतीचं विचारायच्या ऐवजी पुन्हा तोच विषय काढला. का काढला, माहीत नाही. आजारी माणसाशी काय बोलायचं ते मला येत नाही, भांडायला येतं. तुम्ही दमला होता. म्हणालात, "बरं बाई. या खंडेनवमीला सांगू. तुम्हीच सांगा. मी बाजूला उभा राहतो."

मी म्हटलं, "शब्द दिलात हां."

"दिला."

मग मी फोन ठेवला. 'काळजी घ्या' म्हणायचं राहिलं. असल्या गोष्टी मागाहून मनात घोळवण्यात अर्थ नसतो. घोळवते आहे.

तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी वीज बंद राहणार होती. सगळं बंद करून पुन्हा चालू करायचं काम मी एकटीने केलं. तुमची वही उघडी ठेवली होती, पण तिची गरज पडली नाही. आधी आतली, मग सोंग, मग घर. दुपारी उलट्या क्रमाने चालू केलं. दिवे लुकलुकले, कार्ड निघालं. मी मागे वळले, तुमच्या खुर्चीकडे बघायला. चूक दाखवायला तिथे कुणी नव्हतं. "तुम्ही चुकलात बाई" असं मला म्हणणारं आता या चाकणात कुणी नाही. घरी तर आधीपासूनच नव्हतं.

वहिनींना भेटायला गेले होते. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि विचारलं, "म्हातारी बरी आहे ना हो? त्यांचा सगळा जीव तिच्यात." म्हणजे घरीसुद्धा सांगितलं नव्हतंत. मी म्हटलं, बरी आहे. जिना उतरताना जाणवलं, आता हे ठाऊक असलेली जगात मी एकटी उरले.

आणि नेमकं तेव्हा प्लांट हेडना तुमचं स्मारक करायचं सुचलं. माणूस वाईट नाही, तीन वर्षांपूर्वी आलेला. खंडेनवमीच्या पूजेनंतर म्हातारीचं कपाट मिरवत नेऊन स्वागतकक्षात ठेवायचं, वर तुमचा फोटो, खाली पितळी पाटी: 'आजही अखंड सेवेत.' चालू स्थितीत नेऊ, वायरी लांबवून घेऊ, म्हणाले. वायरी जोडायला कपाट उघडलं की पेटी दिसणारच होती. मला दोन रस्ते होते. आदल्या गुरुवारी येऊन गुपचूप पेटी काढून खोलीतच कुठेतरी लपवायची आणि रिकामं कपाट जाऊ द्यायचं. दहा मिनिटांचं काम. पण मग आपलं खोटं पितळेवर कोरलं जाणार होतं, तेही तुमच्या फोटोखाली. दुसरा रस्ता म्हणजे सगळ्यांसमोर सांगायचं. त्यात माझं काही जात नव्हतं. जाणार होतं ते तुमचं नाव. महिन्यापूर्वी ज्याच्यासाठी भट्टीची माणसं रांगेत उभी राहून रडली, त्याने अकरा वर्षं त्यांना बनवलं, हे मी सांगायचं. आणि उत्तर द्यायला तुम्ही नाही.

आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी तुमचा शब्द धरला. तुम्ही खंडेनवमी म्हणाला होतात, तर खंडेनवमी.

पहिली शिफ्ट सुटत होती, दुसरी येत होती. नारळ फुटला, माळ घातली, पेढे वाटले. प्लांट हेड दोन शब्द बोलले आणि म्हणाले, "चला, उचला." चौघे दोर घेऊन पुढे झाले. मी म्हटलं, "थांबा." माझ्या जुडग्यातली किल्ली काढून कपाटाचं दार उघडलं. आत पोकळी, तळाशी पेटी, वर गरगरणारा पंखा. मी फार लांबण लावली नाही. त्या गुरुवारी म्हातारी जळाली, तेव्हापासून ही पेटी तिचं काम करते आहे, प्रोग्रॅम तोच आहे, एकही कार्ड चुकलेलं नाही, मी स्वतः तपासलं आहे. हे लपवून ठेवण्यात मीही होते. दोष द्यायचा तर मला द्या, कारण मी समोर उभी आहे.

सगळे शांतारामभाऊंकडे बघत होते. भट्टीवरचे सगळ्यांत जुने, इथल्याच शिवेवरच्या गावचे, पुढच्या वर्षी निवृत्त होणार. त्यांनी हातातला पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला, हात पुसला.

"मॅडम, झालं का सांगून?"

"झालं."

"मंग आता आमचं ऐका. आमाला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"हेच की. म्हातारी कवाच गेली. गुरवारी गेली, शुक्रवारी आमाला कळलं."

"कुणी सांगितलं? सोनटक्क्यांनी?"

"छ्या! भाकरीनं."

मला समजलं नाही. ते हसले.

"साडेबाराला डबा उघडला तर भाकरी गार. जाळीला हात लावला तर गार वारा. आत पंखा घुंघुं करतोय, दिवं लुकलुकत्यात, समदं झ्याक. पर ऊब न्हाई. म्हणलं, गेली ही."

सोनटक्के, ऐकताय ना? आवाज जुळवला, दिवे जुळवले, चार सेकंद मोजून जुळवले. ऊब विसरलो. आणि मी, क्वालिटीची बाई, अकरा वर्षांत एकदाही त्या जाळीला हात लावून पाहिला नाही.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"कसं बोलनार? साहेब तितंच दारात हुबं. डोळं लाल. तीनदा इचारलं मला, शांताराम, सगळं बरोबर हाय ना? म्या म्हणलं, बरोबर हाय साहेब. आता बरोबर हाय म्हणल्यावर डबा उचलून वर कसा न्यायचा? डबा हालला की त्यास्नी कळनार, आमाला कळलंय म्हणून."

"म्हणून तुम्ही अकरा वर्षं गार भाकरी खाल्लीत?"

"गार भाकरीनं कोन मरतंय, मॅडम? त्या मानसानं आमच्यासाठी येवढं सोंग केलं. आमी येवढं बी करू नये व्हय?"

मागून एक ऑपरेटर म्हणाला, "मॅडम, मी तीन वर्षं झाली लागून. पयल्या दिवशी सांगितलं, डबा आधी हितं ठेवायचा. का ते कुनीच सांगितलं न्हाई. मी रोज ठेवतो, जेवनाच्या टायमाला उचलतो, वर जाऊन ओव्हनमधी गरम करतो."

सगळी शिफ्ट हसली. प्लांट हेड इकडून तिकडे बघत म्हणाले, "म्हणजे हे फक्त मलाच माहीत नव्हतं?" त्यावर आणखी हसले. शांतारामभाऊंनी माळेतला एक झेंडू तोडला, वाकून कपाटात हात घातला आणि पेटीवर ठेवला. कुंकवाचं बोटही लावलं. "ह्याचं राहिलं हुतं," म्हणाले.

मीही हसले. मग सगळे गेल्यावर खोलीचं दार लावून बसले.

तुमचं नाव राखलं गेलं. त्यात माझा काही हात नव्हता, ते आधीच राखलेलं होतं, रोज साडेबाराला, त्या फळीवर. ज्याला तुम्ही विश्वास म्हणून दाखवत होता तो विश्वास नव्हता, आणि तरीही ती बाजू तुमचीच ठरली. याचा मला आनंद आहे. पण एक कबूल करते. पंचवीस वर्षांत आपण दोघांनी एकमेकांच्या घरचं काही विचारलं नाही. सणाला फोन केले नाहीत. आपलं असं म्हणायला दोन किल्ल्या आणि एक गुपित होतं. तेही सगळ्यांचंच निघालं. आणि हा सगळा किस्सा ज्याला सांगितला असता, जो मांडीवर थाप मारून "आरं देवा, भाकरी!" म्हणाला असता, असा माझ्याकडे एकच माणूस होता.

एक शंका राहून गेली. बोळातून तुम्ही दिवसात दहा वेळा जात होता. तुम्हाला खरंच कधी कळलं नाही? की तुम्हालाही ठाऊक होतं, आणि त्यांनी डबे ठेवायचे, तुम्ही बघायचे, असं चाललं होतं? वही दोनदा चाळली. त्यात पंख्याचा नंबर आहे, दिव्यांच्या तारांचा नकाशा आहे. जाळीबद्दल एक ओळ नाही. तीन प्रश्न विचारण्याची खोड तुमची. माझा हा एकच आहे, आणि विचारायला तुम्ही नाही.

पुढचं कामाचं सांगते. कपाट स्वागतकक्षात गेलं नाही, लोकांनी नेऊ दिलं नाही. पाटी केली, पण त्यावर फक्त तुमचं नाव आहे आणि ती भट्टीपाशी आहे. वहिनींना सगळं सांगितलं. म्हणाल्या, "तरीच त्या गुरुवारी जेवले नव्हते." नवी सिस्टीम यायची तेव्हा येईल. तोवर बहुरूप्याला मी सांभाळते. फाइलची नक्कल दर गुरुवारी काढते, त्याला झोपवून.

चार सेकंद काढून टाकले होते. आता लपवायचं काय? दुसऱ्याच दिवशी शांतारामभाऊ आले. "मॅडम, लई घाई करतीया. क्रेटचा नंबर टाकला की कार्ड भाईर. पयलं त्या येळात नंबर परत वाचून बघायचो. चुकला तर थांबवता यायचा." मी चार सेकंद परत लावले. तेव्हा तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर होतं. कारण चुकीचं होतं, ते वेगळं.

डबे अजून फळीवरच असतात. मी विचारलं नाही.

काल मी पंखा बंद केला. अकरा वर्षं सांगत होते ते शेवटी स्वतःच केलं. खोली एकदम गप्प झाली. दहा मिनिटं बसले, कागद समोर घेतले, एकही ओळ वाचून होईना. उठून पंखा पुन्हा लावला.

वीज फुकट जाते, मला माहीत आहे. तुम्ही बोलू नका.